हीबरला दिलेली सलामी

हीबर पेली आमचा शेजारी. न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत कॉड मासा चिरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बोलण्यातही. १९१५ साली तो धक्क्यावरच्या पिठाच्या पिंपावर चढला आणि राजासाठी, धर्मासाठी असं काही बोलला, की सहा पोरं त्याच्यामागून लढाईवर गेली. मी नऊ वर्षांची. मला घेतलं असतं तर मीही गेले असते.

दोन वर्षांनी, भर थंडीत, तो एकटाच लंगडत परतला. आईने काकवीचा पाव पुढे केला की म्हणायचा, "मावशी, राजा नाही दिसला, देवही नाही. नुसता चिखल."

उन्हाळ्यात माझा भाऊ सायलस अठराचा झाला. सैन्यभरतीवाल्यांची बोट येणार होती. आई हीबरकडे गेली.

"सहा नेलेस ना? मग हा एक ठेव मला. तुझं ऐकेल तो."

"सांगतो, मावशी. त्याच पिंपावरून सांगतो."

शनिवारी गाव जमलं. सायलस अगदी पुढे. हीबर पिंपावर चढला, टोपी काढली. "पोरांनो, मी तुम्हाला खोटं..."

आमच्याकडे लग्न असो की कोणी परत आलेलं असो, सीलच्या शिकारीच्या लांब बंदुका उडवून मान द्यायची रीत. हीबरचा मान थंडीत राहूनच गेला होता. म्हाताऱ्यांनी प्रेमानेच बार काढले, आठ एकदम. टाळ्या मीही वाजवल्या.

हीबर खाली माशांच्या घाणीत पालथा, हात डोक्यावर. विजार ओली.

"अरे, आपल्याच बंदुका रे! स्वतःला सील समजलास काय?" कोणीतरी ओरडलं. सगळा धक्का हसला.

सायलस हसला नाही. त्याने हीबरला उठवलं, तोंड पुसलं. "दादा, तू आता घरी बस. तुझी जागा मी घेतो."

"हीबर, बोल ना रे!" आई किंचाळली. त्याचे दात नुसते वाजत होते. सायलस सही करायला गेलासुद्धा.

चर्चच्या भिंतीवर, लढाईत गेलेल्यांच्या यादीत, सायलसचं नाव सातवं आहे.

पुढे तीस वर्षं हीबरने आईची लाकडं फोडली. ती चहा द्यायची, बोलायची नाही. आपल्या शेवटच्या आजारपणात एकदाच तिने विचारलं, "त्या दिवशी काय सांगणार होतास रे?"

"आठवत नाही, मावशी," तो म्हणाला, आणि चुलीत लाकूड सारलं.

त्याला आठवत होतं. आईलाही ते कळलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.