नवरदेवाच्या कुर्त्याखालची नारंगी दोरी

परवा कल्याणला, विठ्ठलवाडीत, भाच्याचं, म्हणजे ताईच्या निखिलचं, लग्न झालं... आणि माझ्या मनगटावरच्या दोरीचं एकदाचं सार्थक झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायला लागल्यापासून मला पॅराकॉर्डची ब्रेसलेट्स विणायचा नाद लागलाय. पॅराशूटला असते तसली चिवट दोरी मनगटावर विणून ठेवायची आणि संकट आलं की उसवायची. "अर्ध्या मिनिटात सुटतं," असं मी आजवर भेटेल त्याला ऐकवत आलोय.

घरातल्या प्रत्येकाला मी एकेक करून दिलं. बायकोने, म्हणजे वैशालीने, तिचं सिलिंडरच्या ट्रॉलीला बांधलंय. कोलशेतच्या फ्लॅटमधून कुठल्या कड्यावरून उतरायचंय, हा तिचा नेहमीचा प्रश्न. ग्रुपबरोबर खडवलीला नदीवर गेलो तर तिथेही कोणी घसरलं नाही की बुडालं नाही... मी आपला दिवसभर तयारीत बसून.

तर लग्न. हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या ताईने माझा हात धरला. "ते बैलाचं दावं काढ आधी. फोटोत येईल." मी ब्रेसलेट काढलं नाही, बाहीखाली सरकवलं.

तिचंही खरं होतं. भाऊजी आता नाहीत. घरात दोघांचा लग्नातला एकच फोटो आहे, पांढऱ्या कपड्यांत, हात जोडून बुद्धवंदनेला उभे असतानाचा. निखिलचा अगदी तस्साच फोटो हवा, हे तिने फोटोग्राफरला इतक्यांदा सांगितलेलं की तो बिचारा तिला टाळायला लागलेला.

आणि नवरदेव स्टेजवर आला तो एक हात कुर्त्याच्या खिशात घालून. लोक हार घालतायत, हात मिळवतायत... याचा डावा हात खिशातच. मला वाटलं पोरगा स्टाईल मारतोय. ताई खालून डोळे वटारत होती.

जवळ गेलो तर कानात म्हणाला, "मामा, पायजम्याची नाडी तुटली. हात सोडला तर खाली येईल."

लग्नासाठी जिम लावून बारीक झालेला तो. दोन महिन्यांपूर्वी शिवलेला पायजमा आता नाडीच्या भरवशावर उभा होता. आणि वंदनेला दोन्ही हात जोडावे लागतात...

मी त्याला स्टेजच्या पडद्यामागे नेलं. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा येईल असं वाटलं नव्हतं, पण म्हटलं ठीक आहे, संकट ते संकट. बाही वर केली, ब्रेसलेट काढलं आणि टोक ओढलं.

सुटेना.

विणून झाल्यावर टोकं लायटरने वितळवून चिकटवतात. मी हौसेने जरा जास्तच चिकटवलेली. दातांनी ओढून पाहिलं, किल्लीने टोचून पाहिलं. वैशाली आम्हाला शोधत मागे आली, एका नजरेत तिला सगळं कळलं आणि तिने पर्समधून नेलकटर काढला. "अर्धं मिनिट झालं का हो?" एवढंच विचारलं.

तिकडे माइकवर बौद्धाचार्यांनी नवरदेवाला तीनदा बोलावलं. मग त्यांनी लग्न वेळेवर लागण्याचं महत्त्व सांगायला घेतलं. ते छान बोलत होते, त्यामुळे आम्हाला वेळ मिळाला.

टोकं तुटली, मग एकेक गाठ सोडवत गेलो. दोरी निघतच राहिली... वैशालीने साडीची पिन काढून तिने दोरी पायजम्यात ओवली. उरलेली कापायला गेलो तर नेलकटरने हात टेकले. शेवटी कमरेला दोन वेढे देऊन मी ट्रेकमध्ये शिकलेली गाठ मारली आणि निखिलला स्टेजवर ढकललं.

वंदना सुरू झाली. निखिलने आधी एक हात सोडला... मग हळूच दुसरा. पायजमा जागेवर. त्याने दोन्ही हात जोडले, फ्लॅश उडाला, आणि माझे डोळे भरून आले. ताईकडे मी पाहिलंच नाही, नाहीतर दोघंही रडलो असतो.

संध्याकाळी नवरदेवाचा फोन. "मामा, ही गाठ सोडायची कशी?" खरं सांगतो, मारायची शिकलेलो, सोडायचा भाग राहून गेलेला. म्हटलं, नेलकटर नको, कात्रीच घे.

काल फोटो आले. वंदनेचा फोटो अगदी ताईला हवा तसा... फक्त पांढऱ्याशुभ्र कुर्त्याखालून नारंगी दोरीचं हातभर टोक लोंबतंय. जंगलात लांबून दिसावी म्हणून हा रंग मीच निवडलेला. कल्याणच्या हॉलमध्येही छान दिसते.

फोटोग्राफर म्हणाला, ते टोक कॉम्प्युटरवर काढून टाकतो. ताई बराच वेळ फोटो बघत बसली. मग म्हणाली, "राहू दे. बाप नव्हता, पण मामा होता, तेवढं दिसलं पाहिजे."

आता तिच्यासाठी एक विणायला घेतलंय. टोकं चिकटवणार नाही.