पाठ टेकण्यापुरती जागा

आमच्या खाप्याहून नागपुरात, धंतोलीच्या दवाखान्यांत येणाऱ्या माणसाला आजारापेक्षा दुपार जास्त छळते. तपासणी सकाळी, डॉक्टर भेटणार संध्याकाळी, आणि मधला सगळा वेळ रस्त्यावर. लॉज परवडत नाही. बगिचा भर दुपारी बंद. देवळालाही कुलूप, कारण देवाला वामकुक्षी लागते. आजारी माणसाला लागत नाही, असा आपल्याकडे समज दिसतो.

आमच्या शेजारच्या जयवंताबाई ही दुपार काढायच्या विद्येत पारंगत झाल्या होत्या. नवरा ताराचंदभाऊ यांच्या पायांतलं बळ का जातंय हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्या फेऱ्यांत बाईंनी अर्धं नागपूर पाठ टेकायच्या हिशेबाने पाहून ठेवलं होतं. आता ताराचंदभाऊ काठीशिवाय चालतात, म्हणून मी हे हसत सांगू शकते. तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

त्या मे महिन्यात त्यांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. थोडा वेळ पडू दिलं आणि मग खाट रिकामी करायला सांगितलं. वर बजावलं, संध्याकाळपर्यंत उताणं झोपून राहायचं, नाहीतर डोकं असं उठेल की सहन होणार नाही. झोपायचं कुठे, हे मात्र कोणी सांगितलं नाही. रिक्षात बसल्या बसल्याच भाऊंनी कपाळ धरलं.

तेवढ्यात एका गल्लीत बाईंना मांडव दिसला. रंगीत कापड, खाली गाद्या, भलामोठा कूलर. बाईंचा चेहरा उजळला. लग्नघरी अनोळखी माणसाला कोणी हटकत नाही. मुलीकडचे समजतात मुलाकडचा, मुलाकडचे समजतात मुलीकडचा. त्यांनी भाऊंना सरळ आत नेलं आणि कूलरसमोर गादीवर उताणं निजवलं. भाऊंना लगेच डोळा लागला.

खांबाला टेकून एक वयस्क बाई एकट्याच बसल्या होत्या. गप्प बसणं बरं दिसत नाही म्हणून जयवंताबाई म्हणाल्या, "नवरदेव दिसून नाही राहिला कुठं, बाई?"

त्या बाईंनी शांतपणे वर पाहिलं. "लग्न नाही हो हे. माझे यजमान गेले, मागच्या आठवड्यात. लोक भेटायला येतात, म्हणून मांडव घातलाय."

आमच्याकडे मांडववाल्याचं कापड एकच. लग्नाला तेच आणि तेरवीलाही तेच. पण हा विचार नंतरचा. त्या क्षणी जयवंताबाईंना तोंड कुठे लपवावं ते कळेना. "अवो, उठा नं! चुकलंच आपलं," म्हणत त्या भाऊंना हलवू लागल्या.

"काय झालंय त्यांना?" त्या बाईंनी विचारलं. त्यांचं नाव अरुंधतीबाई. जयवंताबाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मग उठवू नका. इथे सगळे बसायलाच येतात. एक जण झोपला तर काय बिघडलं?"

जयवंताबाईंच्या जिवात जीव आला. मग त्यांनी अरुंधतीबाईंकडे नीट पाहिलं. डोळे तांबारलेले, मान सारखी कलंडत होती.

"तुमी काहून नाही झोपत?"

"घर पाहुण्यांनी भरलंय. जरा पडलं की हाक येते, अमके आलेत. आला तो विचारतो, कसं झालं? मग पहिल्यापासून सांगायचं, पहिल्यापासून रडायचं."

म्हणजे हिलाही जागा नाही, आणि तीही स्वतःच्याच दारात! जयवंताबाईंनी मांडवावर नजर फिरवली. कूलरच्या बाजूला, फाटकातून न दिसणारा एक कोपरा होता. कूलरच्या आवाजात तिथे बाहेरचं काही ऐकू आलं नसतं. त्यांनी गादी ओढली, पडदा सारला. "पडा तिथं. येणाऱ्याचं मी पाहतो."

अरुंधतीबाई नको नको म्हणत आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या.

मग माणसं येत राहिली. "बाईंचा आत्ताच डोळा लागला," असं जयवंताबाई सांगायच्या, पाणी द्यायच्या. तुम्ही कोण, याला "खाप्याची" एवढं उत्तर पुरायचं. पण एका म्हाताऱ्या पाहुणीने हात धरून विचारलं, "कसं झालं हो?" त्यांना काय माहीत कसं झालं! वेळ मारून नेण्यासाठी त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि खरंच रडू फुटलं. नवरा उठेल की अंथरुणालाच खिळेल, या भीतीने किती महिने पोखरलं होतं. त्याच्यासमोर रडायची सोय नव्हती. पुढच्या प्रत्येक पाहुण्याजवळ त्या पोटभर रडल्या, आणि छाती मोकळी होत गेली.

उन्हं उतरली तेव्हा ताराचंदभाऊ उठून बसले. डोकं दुखत नव्हतं. पडद्यामागून अरुंधतीबाई बाहेर आल्या, केस सारखे करत, जरा ओशाळून.

"बराच वेळ झोपले मी. आज कोणी आलं नाही वाटतं?"

"आले नं बाई, लय आले," जयवंताबाई म्हणाल्या. "तुमच्या वाटचं मीच रडून घेतलं."