गाळलेली ओळ

ग्रंथालयात आल्यावर ते आधी व्हरांड्यातल्या नळाखाली हात धूत. मग खिडकीतून आत येणाऱ्या उन्हात दोन्ही तळवे धरून, ते पुरते कोरडे होईपर्यंत मुकाट उभे राहत. त्यानंतरच माझ्या टेबलाकडे वळून म्हणत, "बाई, थे रशियाचं कपाट उघडून द्या जी."

मला लिहिण्याची सवय नाही. चंद्रपूरच्या एका खाण-प्रशिक्षण संस्थेत सहायक ग्रंथपाल म्हणून मी आयुष्यभर इतरांनी लिहिलेले नीट लावून ठेवत आले. निवृत्तीनंतर प्रथमच स्वतः काही लिहिते आहे, आणि त्याला कारण हे गृहस्थ आहेत.

त्या कपाटात सोव्हिएत संशोधनाच्या सारांशांचे बांधीव खंड होते. कोळशाच्या थरात साचणारा वायू, लाकूड वाळवण्याच्या भट्ट्या, थंडीत तडकणारे रबर, मधमाश्यांचे रोग, गोठलेली तळी, असे कशाकशाचे. कधीकाळी ते टपालाने नियमित येत. मग एकदम यायचे थांबले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "देशच बंद झाला, बाई. टपाल कोन पाठवन?"

ते खाणीच्या नकाशा-विभागात आरेखक होते. तरुणपणी यंत्रे बसवायला आलेल्या रशियन तंत्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि नटबोल्टांच्या नावांपासून सुरुवात करून ती भाषा आत्मसात केली. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यावर घरात पहिली नवी वस्तू आणली ती पाटी होती. त्या पाटीचा हिशेब आपण अजून फेडतो आहोत, असे ते मला एकदाच, आणि तेही ओशाळून, म्हणाले होते. सहकारी त्यांना 'रशियाभाऊ' म्हणून चिडवत. निवृत्तीनंतर तेच नाव उरले.

त्यांची कामाची रीत तुम्ही पाहायला हवी होती. रद्द झालेल्या नकाशांचा जाड कागद कापून ते तळहाताएवढी कार्डे करत. एका कार्डावर एका सारांशाचे मराठी. खाली उजव्या कोपऱ्यातली शेवटची ओळ मात्र राखीव असे. मान वर करून ते मला विचारत, "हे कोनाच्या कामाचं आये?" मला कधीच सुचत नसे. मग तेच विचार करून तिथे एखाद्याचे नाव लिहीत आणि कार्ड त्या माणसाला स्वतः नेऊन देत.

एकदा मधमाश्यांचे कार्ड घेऊन ते बसने थेट अहेरीच्या बाजारात गेले. मध विकणाऱ्याने ते उलटसुलट पाहिले, गुंडाळून त्याचे नरसाळे केले आणि त्यातून बाटलीत मध ओतला. हे सांगताना ते मनापासून हसले. "कामाचं तं झालं ना, बाई?"

पण एक कार्ड हसण्यावारी गेले नाही.

मूलच्या वाटेवरच्या एका गावातल्या ढिवर मच्छीमारांकडे गावची बोडी, म्हणजे लहान तलाव, मासेमारीसाठी होती. तलावात शेणखत घातल्यास माशांचे खाद्य वाढते, अशा अर्थाचे कार्ड त्यांनी तिथल्या कवडूभाऊंना दिले. कवडूभाऊ त्यांच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी कार्डात सांगितल्याप्रमाणे शेण घातले. वैशाखात पाणी उतरले, दोन दिवस आभाळ भरून राहिले, वारा पडला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी बोडी पांढऱ्या पोटांनी भरली.

निरोप मिळताच रशियाभाऊ गेले. परत आल्यावर त्यांनी मला तिथले बोलणे जसेच्या तसे सांगितले.

"रशियाभाऊ, तुमच्या देशातल्या मासोया शेन पचवत असतीन," कवडूभाऊ म्हणाले होते. "आमच्या गरीब हायेत."

"चूक माही आये. पुस्तकाची नाई."

"चूक कोनाचीबी असो. दोन वर्साची मासोई गेली. आमी तुमच्या भरोशावर होतो."

"थे काऊन मेले, हे मले आज माहीत नाई. माहीत करून येतो."

त्या दिवशीही त्यांनी हात धुतले, कोरडे केले, जुना खंड काढला आणि एका ओळीवर बोट ठेवले. हे प्रमाण थंड आणि खोल पाण्यापुरतेच आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले होते.

"ही ओय मी गाळली, बाई."

"का?"

"कार्डावर जागा नोती. एकच ओय उरली होती. तिथी कवडूभाऊचं नाव टाकलं."

नंतर ते रोज येऊ लागले. त्याच सुमारास वरिष्ठांनी मला बोलावले. कोणी वाचत नाही अशा पुस्तकांची यादी महिनाअखेर हवी होती; यादीतली पुस्तके लगद्याच्या कारखान्यात जाणार होती. "रशियन कपाट पहिल्यांदा टाका," ते म्हणाले. मी "हो सर" म्हटले. नोकरीत मी दुसरे काही कधी म्हटले नव्हते.

यादी तयार करायला बसले तेव्हा रशियाभाऊ समोरच, खंडावर नाक टेकवून वाचत होते. चष्म्याचा एक दांडा त्यांनी दोऱ्याने बांधला होता. मी भूगोल लिहिला, जुने अहवाल लिहिले, फाटके कोश लिहिले. कपाट क्रमांक अकराची, म्हणजे रशियन कपाटाची, ओळ मात्र लिहिली नाही. यादी सहीसाठी नेली. वरिष्ठांनी न वाचता सही केली. त्यांना मी हे कधी सांगितले नाही, आणि रशियाभाऊंनाही नाही.

पावसाळा संपता संपता त्यांना हवे ते सापडले. प्रकरण गोठलेल्या तळ्यांचे होते. बर्फाला भोक पाडले की मासे तिथे गर्दी करतात आणि तोंड वर काढून धापा टाकतात, असे वर्णन होते. ते खुर्चीवरून उठलेच.

"बाई, आपलेबी अशेच मेले. तिथी वरतून बर्फाचं झाकन. इथी ढग, पडलेला वारा, अन् खाली सडून राह्यलेलं माहं शेन. पान्यातली हवा सरली."

उपायही होता: पंपाने पाणी उचलून उंचावरून पुन्हा तलावातच पाडायचे, म्हणजे पडताना ते हवा घेऊन जाते. त्यांनी नवे कार्ड केले. यावेळी वर, अगदी पहिल्या ओळीत, तांबड्या शाईने लिहिले: 'हे बर्फाच्या देशातले आहे. आपल्या बोडीत आधी एका कोपऱ्यात करून पाहा.' खालचा उजवा कोपरा त्यांनी रिकामा ठेवला.

ते घेऊन रशियाभाऊ गावी गेले, पण कवडूभाऊंनी कार्ड हातात घेतले नाही. तेव्हा ते मच्छीमार संस्थेच्या खोलीत खुंटीला अडकवून, "चुकलं तं मले बलावजा," एवढे सांगून रशियाभाऊ परतले.

पुढे दर उन्हाळ्यात, आभाळ भरून आले की ते अस्वस्थ होत. "गावातून काई निरोप, बाई?" निरोप नसे. "म्हंजे त्याइनं लावूनच पाह्यलं नाई," ते पुटपुटत. मी म्हणे, तुम्हीच जाऊन या. "बलावल्याबिगर कोन्या तोंडानं जाऊ?" मी एखाद्या रविवारी बसने जाऊन विचारून येऊ शकले असते. अनोळखी गावात, अनोळखी पुरुषांशी काय बोलावे, या संकोचाने गेले नाही. ही माझी दुसरी गाळलेली ओळ. पहिलीचा मला अभिमान आहे, हिचा नाही.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या मुलीने कार्डांची पेटी माझ्याकडे आणून दिली आणि ती मांडीवर घेऊन मी अखेर त्या गावाला गेले.

बोडीच्या काठावर उंच खांबाच्या बेचक्यात पंपाचा नळ बांधलेला होता. त्यातून पाणी कमानीसारखे तलावात पडत होते. कवडूभाऊ, आता पुष्कळ थकलेले, चिखलातून वर आले.

"रशियाभाऊ नाई आले?"

मी सांगितले. ते पाण्याकडे वळले.

"कधीपासून लावता हा नळ?" मी विचारले.

"दुसऱ्याच उन्हायापासून. आदी कोपऱ्यात लावला, मंग असा. एकबी मासोई मेली नाई."

"मग त्यांना कळवलं नाही तुम्ही?"

ते गोंधळले. "चुकलं तं बलावजा, म्हनले होते त्याइनं. चुकलंच नाई, बाई. काय म्हनून बलावतो?"

 ते कार्ड पाहता येईल का, एवढेच मी विचारले. कवडूभाऊ खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. आपले ओले हात त्यांनी उन्हात धरले आणि ते पुरते कोरडे होईपर्यंत उभे राहिले.

"वल्ल्या हातानं नाई," ते म्हणाले. "थे म्हनत."