मी नववी पास आहे

रागवायचा हक्क आपल्याला नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. परक्या गावात तर नाहीच. मी सावंतवाडीकडची. नागपुरात आले ती नंदनवन भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासात फोन उचलायच्या नोकरीवर. क्लास ज्यांचा, त्यांना मी ताई म्हणते. संध्याकाळी मुलं गेली की त्या मला रिकाम्या मशीनवर बसू द्यायच्या. वेबसाइट कशी करतात ते मी तिथंच शिकले, त्यांच्याकडून. पुढे त्यांनी क्लास बंद करून लोकांना वेबसाइट करून द्यायचं ऑफिस काढलं आणि मला त्यात घेतलं. दहावीचं सर्टिफिकेट मागितलं नाही. यातलं काही मी विसरलेले नाही. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे त्या दिवशीही विसरले नव्हते, म्हणून तर तो राग इतका अवघड गेला.

शहरातले वेबसाइट करणारे लोक वर्षातून एकदा, रविवारी, जमतात. कुठल्यातरी कॉलेजचा हॉल, गळ्यात नावाची पट्टी, फुकटचा टीशर्ट आणि दिवसभर भाषणं. विषय कोणीही सुचवावा. आयोजकांना पटला तर वीस मिनिटं मिळतात. ताई आयोजकांपैकीच. मी दिलेला विषय माझ्याच एका कामाचा होता. कळमन्याच्या घाऊक बाजारातले फळांचे भाव दाखवणारं एक पान मी केलं होतं. हातगाडीवाले सकाळी घरून निघण्याआधी ते उघडतात. त्यांचे फोन जुने, नेट मरतुकडं. मराठी अक्षरांचा फॉन्ट जड असतो, तो उतरेस्तोवर भाव दिसतच नाही. मी तो काढला, फोनमध्ये आधीपासून असलेली अक्षरं वापरली, संत्र्यांचे फोटो उडवले. फार मोठं काही नाही. पण ते कसं केलं, कुठं चुकलं, हे मला सांगायचं होतं. विषय मंजूर झाला.

मग हुडकेश्वरच्या माझ्या खोलीत मी रोज भिंतीसमोर बोलायला लागले. घरमालकीण मावशी दारात उभ्या राहून ऐकायच्या.

"काय बोलून राहिली वं? मले तं काही समजलं नाही."

"फॉन्टबद्दल, मावशी."

"असंन बाप्पा. पण हात काहून मागं लपवले? चोरी केली का कुठं?"

रविवारी ताईंच्या स्कूटरवर मागे बसून गेले. हॉलमध्ये शिरल्याबरोबर समोर मोठ्या पडद्यावर दिवसभराचा कार्यक्रम. माझी वीस मिनिटं दहावर आली होती आणि जेवणानंतर ढकलली होती. माझा फोटो होता. विषयाच्या जागी लिहिलं होतं: 'नववी नापास ते वेब डेव्हलपर: एका मुलीची झेप'.

मी ते पुन्हा वाचलं. मी नापास झालेले नाही. नववी पास झाले आणि दहावीच्या वर्गात जाऊन बसले नाही, एवढंच.

"ताई, हे काय?"

"छान आहे नं? ग्रुपवर मतं घेतली. सगळ्यांले हेच आवडलं."

"कुठल्या ग्रुपवर?"

"आयोजकांच्या."

"पण मी नापास नाही, ताई. पास होऊन शाळा सुटली माझी."

"अवं, लोकांले पटकन समजलं पाहिजे नं! फॉन्टवर तर कोणीही बोलंन. तुझी गोष्ट कोणापाशी आहे? चार पोरींले हिंमत येईल. अन् रडू आलं तर रड, काही हरकत नाही."

रडू आलं तर रड! म्हणजे कार्यक्रमात रडण्याची जागासुद्धा राखून ठेवलेली.

जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ माझ्या गळ्यातली पट्टी वाचून थांबले. "तुम्हीच का त्या? सलाम आहे, मॅडम."

"कशाला?"

"नाही, म्हणजे... तुमच्या परिस्थितीला."

माझ्या हातात वडाभाताची प्लेट होती. ती मी त्यांच्या अंगावर फेकली नाही. नुसती खाली ठेवली. राग आला की त्याला लागूनच मला भीती येते. ताईंनी काढून टाकलं तर? दुसऱ्या ऑफिसात आधी मार्कशीट मागतील. खोली सोडावी लागेल. गावी काय सांगू? इतकी वर्षं नागपुरात राहून माझं सगळं एका माणसाच्या मर्जीवर उभं आहे, हे मला त्या रांगेत पहिल्यांदा नीट दिसलं.

निवेदक पोरगा माइकवर म्हणाला, "आता रुमाल काढून ठेवा, दोस्तहो." लोक हसले. मी वर गेले.

"मी नववी पास आहे," मी म्हणाले. "शाळा का सुटली ते मी सांगणार नाही. माझा विषय फॉन्ट आहे."

इथंही सांगणार नाही.

आवाज फाटत होता. काहीजण उठून चहाला गेले. ताई पहिल्या रांगेत मोबाइल धरून होत्या, तो त्यांनी खाली घेतला. दहा मिनिटांत माझं अर्धंच बोलून झालं. मग मागून एका दाढीवाल्यानं विचारलं, "नेट गेलं अन् पानावर कालचाच भाव दिसत राहिला, तर? तो हातगाडीवाला फसंल नं."

"हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं," मी म्हणाले. "भावाशेजारी वेळ दाखवायला पाहिजे."

"हो, मग चालंल."

दिवसभरात माझ्या कामावर बोललेला तो एकटा माणूस, आणि त्यानं चूकच काढली. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

निवेदकानं लगेच माइक घेतला. "शेवटचा प्रश्न माझा. आज आईबाबांना काय वाटत असेल?"

"माहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही," म्हणून मी खाली उतरले.

परततानाही मी ताईंच्याच स्कूटरवर मागे बसले. एका सिग्नलला मान न वळवता म्हणाल्या, "सगळ्यांसमोर फजिती केली माझी. मी सांगून ठेवलं होतं, पोरगी बोलली की डोळ्यात पाणी येते."

"मी विषय आधीच दिला होता, ताई."

"अन् मी तुले मशीन दिली होती!"

"दिली होती. ते मी मरेपर्यंत म्हणेन. नापास म्हणणार नाही."

सिग्नल सुटला. हुडकेश्वरला उतरले, हेल्मेट त्यांच्या हातात दिलं, आणि विचारलं, "उद्या येऊ ना, ताई?"

"येशील नाही तर जाशील कुठं?" त्यांनी स्कूटर वळवली. "लवकर ये. ते वेळ दाखवायचं काम तुलेच करा लागंन."

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. म्हणजे नोकरी होती. मला इतकं हायसं वाटलं की जिना चढताना मी जवळजवळ पळाले. मग कुलूप काढता काढता त्या हायसं वाटण्याचाच राग आला. दिवसभरातला सगळ्यांत मोठा.