मागच्या गाडीतला ब्रेक

अमरावती सोडली तेव्हा बडनेऱ्याच्या पुलावर धुकं होतं. पुढे आमचं फिरतं घर, म्हणजे जुनी शाळेची बस विकत घेऊन मी करून घेतलेलं धूड. त्याच्या मागे लोखंडी दांड्याने जोडलेली आमची छोटी कार. घरात पलंग, शेगडी, न्हाणी आणि खिडकीपाशी बायकोसाठी, सुनंदासाठी, मुद्दाम केलेली रुंद खुर्ची. कार एवढ्यासाठी की असलं धूड गावातल्या गल्लीत शिरत नाही. ते झाडाखाली उभं करायचं, कार सोडायची आणि हिंडायचं.

मी कूलरचे पत्रे ठोकत कारखान्यापर्यंत आलेला माणूस आहे. उन्हाळाभर धंदा आणि हिवाळाभर पुढच्या उन्हाळ्याची तयारी, यात बायकोला कुठे नेणं झालं नाही. आता कारखाना मुलाच्या हाती दिला आणि संपूर्ण हिवाळा नर्मदेच्या काठाने हिंडायचं ठरवलं. सुनंदाने अट घातली होती.

"पयले चिखलदऱ्यापर्यंत जाऊन येऊ. जमलं तं पुढं जाऊ. नाई तं मी माह्या घरी बरी."

म्हणजे या छोट्या फेरीवर पुढचं सगळं ठरणार होतं. म्हणून परतवाड्याचा जवळचा रस्ता सोडून मी मुद्दाम अकोला-अकोटचा लांबचा फेरा धरला; घाटाआधी सपाटीवर हात बसावा.

मागे ओढलेल्या गाडीला स्वतःचा ब्रेक लागतो. नाहीतर पुढची थांबली तरी मागची ढकलत राहते. त्यासाठी एक पेटी मिळते. ती कारमध्ये चालकाच्या सीटसमोर ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पॅडलला बांधायचा. पुढच्या गाडीने ब्रेक मारला की पेटी आपोआप मागचं पॅडल दाबते. ही पेटी मी पुण्याच्या एका माणसाकडून घेतली. तो म्हणाला, बसवायला आमचा माणूस येईल. मी म्हटलं, माणूस काढा आणि भाव उतरवा; पत्र्याच्या कामात माझा जन्म गेला आहे. त्याने भाव उतरवला आणि पेटी पाठवली. वस्तू सरळ असती तर तिला बसवायला पुण्याचा माणूस लागला असता का, हा माझा प्रश्न आजही कायम आहे.

मूर्तिजापूर जवळ आलं तेव्हा सुनंदा खुर्चीत बसून संत्री सोलत होती. एक फोड मला, एक तिला. कपाशीच्या शेतात वेचणी चालली होती. तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला खिडकीशी आला आणि ओरडायला लागला.

"ओ काका! मांगची गाडी जळून राहिली ना तुमची!"

उतरून पाहिलं तर कारच्या चाकांतून धूर निघत होता. पेटीने पॅडल दाबलं होतं ते सोडलंच नव्हतं. ब्रेक लागलेल्या अवस्थेत कार अमरावतीपासून फरफटत आली होती. दूधवाला थांबून मजा पाहत होता.

"काका, घर फिरवून राहिले का गाडी भाजून राहिले?"

"तू दूध पोचव ना बाबू. नासून जाईन," मी म्हटलं.

पुण्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माणूस तुम्हीच काढायला लावलात." मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चाकं निवल्यावर हळूहळू अकोल्याला पोचलो. तिथल्या एका मेकॅनिकने पेटी उपसून डिकीत टाकली. चाकांचे ब्रेक साफ केले आणि आपल्या भागातला जुना उपाय सांगितला. बंद पडलेली जीप असो की ट्रॅक्टर, ओढून नेताना आपल्याकडे मागच्या गाडीत एक माणूस बसवतात. पुढच्याने हॉर्न द्यायचा, मागच्याने ब्रेक दाबायचा.

"पण मांगच्या गाडीचं इंजिन चालू ठेवाचं," तो म्हणाला. "अन् माणूस पायजे असन तं आहे माह्याजवळ."

त्याच्या माणसाने दोन दिवसांचे जे मागितले त्यात मी पुण्याहून इंजिनिअर आणला असता. आवाज चढले. मी दांडा तपासण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली. मागून सुनंदाचा आवाज आला.

"काहून भांडता? मी बसतो ना मांगं. ब्रेक तं दाबाचा आहे."

तिला गाडी चालवता येत नाही. मी तिला कोणतं पॅडल ते दाखवलं. एक हॉर्न म्हणजे दाब, दोन हॉर्न म्हणजे सोड. तिने दोनदा करून दाखवलं आणि शालीची घडी घेऊन मागे जाऊन बसली.

अकोला ते अकोट हा रस्ता मी असंख्य वेळा केला आहे; इतका लांब कधी वाटला नाही. खुर्ची रिकामी. बाजूच्या आरशात कारच्या काचेमागे तिचा चेहरा, तोही वळणावर दिसला तर दिसला. उजवीकडे तुरीची शेतं पिवळी झाली होती. मी एकदा "बघ" म्हणालो, आणि मग लक्षात आलं. अकोटला थांबून पाटोडी (बेसनाच्या वड्या, झणझणीत रश्श्यात) खाल्ली.

"कसं वाटते मांगं?" मी विचारलं.

"तुमच्या गाडीची पाठ दिसते," ती म्हणाली. "बाकी काई नाई."

मुक्काम परतवाड्याला केला. सकाळी घाट चढलो. चढावर ब्रेकचं काम नसतं, त्यामुळे दोघेही निवांत होतो. चिखलदऱ्याला कडक ऊन आणि बोचरा वारा. कार सोडली आणि ठरवलं होतं तसे हिंडलो. दरीच्या कडेला एका गवळ्याकडे रबडी खाल्ली. सुनंदाने दुसरी वाटी मागितली, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. दरीकडे बघत ती म्हणाली, "नर्मदा याच्या पल्याड का?"

"सातपुडा ओलांडला की आलीच."

"मंग चाला ना. पण पुढं जाच्या आंदी मांगचं ते काम सुधरवून घ्या."

मी हो म्हटलं. त्या क्षणी सगळं जिंकल्यासारखं वाटत होतं.

परतताना कार जोडली. उतारावर निघण्याआधी मी कारचं इंजिन बंद केलं. स्टिअरिंग अडकू नये म्हणून चावी तेवढी फिरवलेली ठेवली. आपल्याकडे घाट उतरताना सगळेच इंजिन बंद करतात. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं? सुनंदा म्हणाली, "तो चालू ठेवाले सांगत होता." मी म्हटलं, "तो सपाट रस्त्याचं बोलत होता. तू बस."

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला मी हॉर्न दिला आणि मागून धक्का आला. पुन्हा हॉर्न दिला. धक्का वाढला. मागची कार आमच्या बसला दरीकडे ढकलत होती. त्याच वेळी मागून कोणीतरी सतत हॉर्न वाजवत होतं. मला वाटलं एखादा ट्रकवाला ओव्हरटेक मागतो आहे. मी खिडकीतून हात काढून त्याला शिवी दिली आणि बस डोंगराच्या अंगाला घातली. पुढचं चाक नालीत गेलं, पत्रा खडकाला घासला आणि आम्ही थांबलो.

मागे धावलो. रस्त्यावर ट्रक नव्हता. कोणीच नव्हतं. सुनंदा दोन्ही पाय पॅडलवर रोवून बसली होती आणि तिचा हात अजून हॉर्नवर होता.

इंजिन बंद असलं की ब्रेकला इंजिनची मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते आणि पॅडल दगड होतं. हे मला नंतर कळलं. तिला वळणावर कळलं होतं.

"मी हॉर्न देऊन राहिली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "किती दिले. तुमी आयकले ना?"

"आयकले. पण मले वाटलं..."

"तुमचा हॉर्न म्या आयकाचा. माह्या हॉर्नचं तं आपलं काई ठरलंच नोतं."

वरून एसटी आली. लोकांनी उतरून आमची बस नालीतून ढकलून वर काढली, कार सोडवून कडेला लावली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, घाबरल्या असान, चाला आमच्यासंग." मला वाटलं ती नाही म्हणेल. तिने शाल घेतली आणि एसटीत चढली. खिडकीची जागा मिळाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं.

मी एकटा खाली उतरलो. मागे काही नव्हतं म्हणून बस पायाच्या इशाऱ्यावर थांबत होती. परतवाड्यापुढे संत्र्याचे बगीचे लागले, झाडं फळांनी वाकलेली. कुठेही थांबावंसं वाटलं नाही.

कार दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून आणवली. त्याने मागितलं तेवढं दिलं. पुण्याहून पेटी बसवणारा माणूसही बोलावला. आता ती बरोबर चालते, पुढे दाबलं की मागे लागते. सुनंदाला दाखवायला अंगणात बोलावलं. तिने पाहिलं. "चांगली आहे," म्हणाली आणि आत गेली. नर्मदेचं विचारलं तर म्हणते, "तुमी जाऊन या ना. मी जेवणाचं बांधून देतो."

पुण्याच्या त्या माणसाशी माझं भांडण मिटलेलं नाही. खडकाला घासलेल्या पत्र्याची भरपाई मी त्याच्याकडे मागतो आणि तो देत नाही. आठवड्यातून एकदा तरी मी फोन करतो. तो निदान चिडतो, उलट बोलतो, फोन आपटतो. घरात मी काहीही विचारलं तरी उत्तर सरळ आणि हळू येतं, आणि त्या उत्तरापुढे मला घासाघीस करता येत नाही.