पडदा हलतोय

कुलपात काल तेल सोडलं होतं. आज नागापूरच्या फ्लॅटला ते लावून जिना उतरले आणि पुन्हा वर जाऊन ओढून पाहिलं. बोटांना तेलाचा वास लागला आणि लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले.

सासर शनिशिंगणापूरचं. घराला चौकट होती, दार नव्हतं; नुसता पडदा. कुलूप कशालाच लावायचं नाही, अगदी पेटीलाही. माझ्या पेटीत आईनं दिलेली ठुशी होती. कांदा खुरपायला आम्ही सगळे घराजवळच्या रानात गेलो, तरी माझा जीव त्या पेटीत. वाऱ्यानं पडदा उडाला की वाटायचं, कुणीतरी आत शिरलं. मी मान वर करून घराकडे बघायची आणि खुरपं आपलं चालूच.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या मागून ओरडल्या, "आगं, गवत ठिवलंस अन् कांदा उपटलास की!"

वळून पाहिलं, तर निम्मा वाफा आडवा. मला रडू फुटलं. "आत्याबाई, तो पडदा हलतोय हो."

"वारं हाय, हलायचाच. त्याला हालू दी. तू हातातलं बघ."

तेव्हा रागच आला होता. ठुशी त्यांची थोडीच होती!

आता लेक पुण्यात नोकरीला आहे आणि सकाळपासून फोन उचलत नाही. कुलूप आणखी एकदा ओढून मी तिथंच उभ्या उभ्या तिचा नंबर लावते. रिंग वाजत राहते, आणि बंद दाराच्या फटीतून गॅसवर विसरलेल्या दुधाचा करपट वास येतो.