गोधडीत घुंगरू

गोधडीच्या क्लासमध्ये किस्से होतात, हे कुणालाच पटत नाही. पण सुई हातात असली की मोबाइल धरता येत नाही, मग माणसं बोलतात. किस्से चिंध्यांसारखे साठत जातात. टाकून द्यायला जीव होत नाही.

क्लास दादरला, बाईंच्या हॉलमध्ये, दर शनिवारी. बाई एकट्याच राहतात. मी लालबागला एकटाच. वर्क फ्रॉम होम. आठवडाभर माझ्याशी फक्त डिलिव्हरीवाला बोलतो, तेही ओटीपीपुरतं.

*

पहिल्या दिवशी मान खाली घालून जाम शिवलं. चहाला उठलो तर गोधडीही सोबत उठली. पँटलाच शिवली होती. बायका हसत सुटल्या.

बाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. म्हणाल्या, "टाका सरळ आलाय. आता असाच घाल, फक्त पँट सोडून."

*

सप्रे काका शिवाजी पार्कचे, रिटायर्ड. काकू गेल्यापासून त्यांना रात्री झोप नाही. काकूंच्या साड्यांची गोधडी करायला आले, पण साडीला कात्री लावेनात. साड्या पिशवीतून यायच्या आणि घडी न मोडता घरी जायच्या. आम्हा सगळ्यांचं समजावून झालं.

बाई आत गेल्या आणि स्वतःची साडी घेऊन आल्या.

"आधी ही कापा. हिची मालकीण ओरडायला जागेवर आहे."

काकांनी कापली. बाई खरंच ओरडल्या. मग काकांनी पिशवीतून काकूंची निळी साडी काढली.

*

काकांची गोधडी पूर्ण होत आली होती. ते हात धुवायला गेले तेव्हा मी तिच्या कोपऱ्यात, दोन थरांच्या मध्ये, एक घुंगरू सरकवलं आणि वरून टाके घातले. रात्री कूस बदलली की वाजणार. आठवडाभर काकांच्या फोनची वाट पाहिली. फोन कुणाचाच आला नाही.

शनिवारी काका आले ते दाढी-बिढी करून.

"झोप लागते हो आता," बाईंना म्हणाले. "कूस बदलली की काहीतरी वाजतं. हिच्या बांगड्या वाजायच्या ना, तसं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवत होतो. दोरा आधीच ओवलेला होता.

*

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी चपला घालत होतो. बाईंनी हाक मारली. हातात त्यांची स्वतःची जुनी गोधडी, एक कोपरा उसवलेला. म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

बाईंनी गोधडी माझ्या हातात दिली.

"हिच्यात दोन घाल," म्हणाल्या.